चेक परत आला, सिंधू आली नाही

३ फेब्रुवारी २०१६, मुखेड

चेकवरची तारीख उलटून दोन दिवस झाले. चेक अजून माझ्या पर्समध्येच आहे. आज दुकानात गिऱ्हाइकासमोर साहेबराव म्हणाला, "आक्का, ह्यो चेक हाय का ताईत? बँकेत टाकायचा असतो त्यो, गळ्यात बांधायचा नसतो." गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. धाकटा भाऊ, त्यात तीस वर्षं एसटीचा कंडक्टर. बोलण्यात त्याच्यापुढे माझं व्यासपीठही फिकं पडतं.

दुकान माझ्या नावावर आहे, पण त्यात पैसा त्याच्या निवृत्तीचा आहे. पाण्याच्या टाक्या, पाइप, तोट्या. पाऊस पुन्हा गेला. टाक्या खपतात आणि त्यांत भरायला पाणी नाही, हा विनोद मी भाषणात वापरते. लोक आधी हसतात, मग गप्प होतात.

चेक सिंधूचा आहे. डिसेंबरात एका दुपारी दुकानासमोर रिक्षातून एक बाई उतरल्या. पांढरे केस, जाड चष्मा. मी म्हणाले, "या ताई, किती लिटरची दाखवू?" त्या म्हणाल्या, "शीले, आवाज अजून तसाच फाटका हाय की गं तुझा."

तिच्या लग्नानंतर एकतीस वर्षांनी.

नांदेडला होस्टेलात आम्ही दोघी एका खोलीत होतो. मी वक्तृत्व स्पर्धांना जायची, ती पहिल्या रांगेत बसायची. मी वाहवत गेले की ती कानाची पाळी धरायची. म्हणजे, पुरे आता. ढाली जितक्या मिळाल्या त्यातल्या निम्म्या त्या कानाच्या. आता तिचं लातुरात मुलींचं होस्टेल आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या चाळीस मुली. दहा टाक्या घेतल्या. फीचा दुसरा हप्ता आला की पैसे, म्हणून चेकवर पुढची तारीख घातली. माझं नाव लिहिताना तिनं विचारलंही नाही. पंचशीला सोनकांबळे, अक्षर तेच, किंचित डावीकडे कललेलं.

साहेबरावनं तिला विचारलं होतं, "ताई, लातुरात टाक्या भेटत न्हाईत का?"

"भेटतात की," ती म्हणाली, आणि उठून आमच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्याली.

८ फेब्रुवारी

चेक टाकला. साहेबरावचं म्हणणं, माझं पेन्शनचं खातं नांदेडला आहे, तिथं टाक. उद्या कमीजास्त झालं तर तिथं मोठे वकील आहेत. मी मुखेडलाच टाकला. आता कायद्यात दुरुस्ती झाली आहे. आपलं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात खटला चालतो. समोरच्याला तिथं यावं लागतं. मी ते नीट वाचून ठेवलं आहे.

साहेबराव म्हणाला, "म्हंजे तुला आधीच वाटून राहिलंय की वटणार न्हाई?"

असं काही नाही. माणसानं कायदा माहीत करून घ्यावा, एवढंच.

१२ फेब्रुवारी

चेक परत आला. सोबत बँकेची चिठ्ठी: खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

सिंधूचा फोन बंद आहे. सकाळपासून लावते आहे.

साहेबरावनं उधारीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. नांदेडचा होलसेलवाला मागची बाकी दिल्याशिवाय नवा माल देणार नाही. आमचं वर्ष म्हणजे मार्च ते मे. उन्हाळ्यात माल नसेल तर दुकानाला कुलूप, आणि त्या कुलपात साहेबरावची तीस वर्षं.

संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "लातूरवाले उधार देत नसतील. म्हणून आली ती इथवर. जुनी मैतरीण बघितली, गाठली."

मी त्याला गप्प बसवलं. पण तो बोलला ते मी दिवसभर स्वतःशी बोलत होतेच. गल्लोगल्ली टाक्या मिळत असताना माणूस एवढी वाट तुडवत का येईल?

२१ फेब्रुवारी

जिल्हा कृती समितीची सभा. सव्वीस जानेवारीला नवा जिल्हा जाहीर होणार अशी हवा होती, झाला नाही. लोक चिडलेले होते आणि चिडलेले लोक मला सोपे जातात. मी म्हणाले, "कलेक्टरला कागद द्यायला आमच्या म्हातारीला दिवसाची मजुरी बुडवून नांदेड गाठावं लागतं. दूर असलेलं सरकार नसल्यातच जमा. जे जवळ नाही ते आपलं नाही!" टाळ्या पडल्या. मग मी थांबलेच नाही. निजामापासून धरलं ते टँकरच्या खेपांपर्यंत आले. अध्यक्षांनी दोनदा चिठ्ठी पाठवली. मी पहिल्या रांगेकडे बघत होते. तिथं नगरसेवक पेंगत होते.

आमच्या समितीच्या नकाशात मुखेड आणि सिंधूचं माहेर एकाच जिल्ह्यात येतं. पूर्वी तिचं गाव उस्मानाबादेत होतं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा ती होस्टेलच्या गच्चीवर नाचली होती. "आमचा जिल्हा झाला, आमचा जिल्हा झाला." मी तिला म्हणाले होते, नाच, तुझं तिकडचं सासर नक्की झालं. तसंच झालं.

नकाशाचा आणि तिचा काही संबंध नाही. ती आता माहेरी तरी कुठं असते?

४ मार्च

नोटीस पाठवली.

चिठ्ठी मिळाल्यापासून महिनाभरात नोटीस द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. साहेबराव वकिलाकडे चल म्हणून मागे लागला होता. मी म्हणाले, आयुष्यभर मी कलेक्टरला, मंत्र्यांना निवेदनं लिहिली. एक नोटीस मला लिहिता येत नाही?

तीन रात्री लिहीत होते. चार पानं झाली. थोडा भाग इथं उतरवून ठेवते, कारण चांगला उतरला आहे:

"ज्या हातानं तू माझ्या माठातलं पाणी घेतलंस त्याच हातानं हा चेक लिहिलास. दुष्काळ पावसाला पडतो, शब्दाला पडू नये. मी सबंध मराठवाडाभर बोलत फिरले, पण ज्या एका माणसानं मला कुठं थांबायचं ते शिकवलं त्याच माणसानं मला फसवावं? मी तुझ्याकडे उत्तर मागते. मुखेडला ये. माझ्या समोरच्या खुर्चीवर बस आणि माझ्या डोळ्यांत बघून सांग की असं का केलंस. पंधरा दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर कायदा पाहील."

साहेबरावला वाचून दाखवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "लई भारी, आक्का. टाळ्या वाजवू का तिकीट फाडू?"

पोस्टात रजिस्टर केली. पोचपावतीचं कार्डही जोडलं.

११ मार्च

पोचपावती परत आली. नोटीस आठ तारखेला पोचली. सही तिचीच आहे. घाईनं केलेली नाही, सावकाश केलेली आहे. 'सिंधू'मधला अनुस्वार ती पूर्वीही असाच मोठा द्यायची. मी म्हणायची, टिकली लावतेस की अनुस्वार देतेस?

पुरावा आहे म्हणून कार्ड जपून ठेवलं आहे.

१९ मार्च

आपल्या दुकानासमोरच बसस्टँडचं फाटक आहे. लातूरची गाडी आली की लोक आधी घागरी उतरवतात, मग पोरं. कुणाच्या तरी पाहुण्यांकडं पाणी आहे म्हणून लोक गावं बदलून राहिले आहेत. आज एक पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. मी गल्ल्यावरून उठून फाटकापर्यंत गेले. कुणी दुसऱ्याच होत्या.

गिऱ्हाईक ताटकळत होतं. साहेबराव त्याला म्हणाला, "थांबा मामा, आक्का वसुलीला गेल्यात."

२३ मार्च

आज मुदत संपली. पैसे नाहीत, फोन नाही, दोन ओळी नाहीत.

एक गोष्ट मी कुठल्याच भाषणात सांगितलेली नाही. इथंही आजवर लिहिली नव्हती. सिंधूच्या लग्नाला मी गेले होते. मांडवाच्या कडेला मला ओंजळ करायला लावून वरून पाणी ओतलं. बाकीच्यांना तांबे होते. मी पाणी प्याले, अक्षता टाकल्या आणि पुढच्या गाडीनं परत आले. पाण्यावर मी शेकडो भाषणं केली. माणसांची नावं घेऊन केली, गावांची नावं घेऊन केली. त्या मांडवाचं नाव माझ्या तोंडी कधी आलं नाही. नाव घेतलं असतं तर ते तिचं झालं असतं.

पुढं तिची पत्रं थांबली. मला वाटलं, संसार.

४ एप्रिल

शेवटी वकिलाकडे गेले. वीरभद्र पंचाक्षरी. मी शाळेत शिकवायची तेव्हा सातवीला माझ्या वर्गात होता. मला बघून उठून उभा राहिला. साहेबराव त्याच्याच खुर्चीत बसला.

वीरभद्रनं चेक बघितला, बँकेची चिठ्ठी बघितली, पोचपावती बघितली. "सगळं जागच्या जागी हाय बाई. तक्रारीला अजून वेळ हाय." मग नोटिशीची प्रत वाचायला घेतली. पहिलं पान वाचून मान हलवली. दुसरं वाचून पाणी प्याला. चौथं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बाई," तो म्हणाला, "रागावू नका. ह्यात पैसे कुठं मागितलेत?"

मी म्हणाले, "म्हणजे काय? चेकचा नंबर आहे, तारीख आहे, रक्कम आहे."

"रक्कम हाय. मागणी न्हाई. कायद्याला एकच वाक्य लागतं. चेकची एवढी रक्कम नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्या. तुम्ही मागितलंय काय?" त्यानं बोट ठेवून वाचलं, "'मुखेडला ये. माझ्या समोरच्या खुर्चीवर बस.' समोरचा वकील पहिल्या तारखेला उभा राहून म्हणंल, मागणीच न्हाई तर गुन्हा कसला? केस तिथंच झोपंल."

साहेबराव माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड मी कधी एवढा वेळ उघडं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

वीरभद्र जरा हसून म्हणाला, "तुम्ही माझ्या निबंधावर लाल शाईनं लिहायच्या बाई. 'भाषा चांगली. विषय सुटला.'"

मग त्यानं वाट सांगितली. चेकला त्याच्या तारखेपासून तीन महिने आयुष्य असतं. एप्रिल संपायच्या आत तोच चेक पुन्हा बँकेत टाकायचा. पुन्हा परत आला की नवी चिठ्ठी, आणि तिथून नवी नोटीस. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. "दोन वर्षांपर्यंत कैद हाय, दुप्पट दंड हाय. बहुतेक लोक तारखेच्या आधीच तडजोडीला येतात. पण नोटीस मी लिहितो. चार ओळी."

"कैद कशाला?" मी म्हणाले.

"कायद्यात हाय म्हणून सांगितलं."

बाहेर आल्यावर साहेबराव म्हणाला, "आक्का, मी तीस वर्षं तिकीट फाडलं. माणूस गाडीत चढला की मी म्हणायचो, कुठं जायचं, पैसे काढा. एवढंच. एकानं तरी विचारलं का, तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून का न्हाई मागितलं?"

मला अजूनही वाटतं, नोटीस चांगली होती.

१५ एप्रिल, लातूर

जयंतीच्या भाषणाला इथं बोलावलं होतं. काल भाषण झालं. आज सकाळी हे हॉटेलात लिहिते आहे. खोलीत बादलीभर पाणी देतात आणि मालक बादलीकडे बघत उभा राहतो.

शहर ओळखू येत नाही. रेल्वेनं पाणी आलं म्हणून लोक ते बघायला गेले होते. गल्लीगल्लीत घागरींच्या रांगा, टाकीजवळ पोलीस. क्लासवाल्या भागात 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. पाणी नाही म्हणून पोरं आपापल्या गावी परत गेली.

भाषणात मी म्हणाले, ज्या बापानं चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याची लेकरं आज ओंजळ घेऊन टँकरमागे पळताहेत. लोक उठून उभे राहिले. मी पहिली रांग बघत होते. ओळखीचं कुणी नव्हतं.

भाषणानंतर कालच सिंधूचं होस्टेल शोधत गेले. व्यवहाराचं काम म्हणून गेले. फाटकाला कुलूप नव्हतं. आत व्हरांड्यात एक बाई ज्वारी निवडत होत्या. रत्नम्मा, स्वयंपाकीण, उदगीरकडच्या. सिंधू घरी नव्हती. सोलापूरला पोराकडं गेली होती, चार दिवसांनी येणार.

गच्चीवर आमच्या टाक्या उभ्या होत्या. ओळीनं, काळ्या. चारांची झाकणं अजून सुतळीनं बांधलेली, त्यांत कधी थेंबही पडला नव्हता.

"पोरी गेल्या सगळ्या," रत्नम्मा म्हणाल्या. "बाईंनी एकेकीचं डिपॉजिट हातात ठिवलं. मी म्हणलं, अहो, थोडं थांबा, तुमचं देणं हाय लोकांचं. तर म्हणल्या, ह्या लेकरांच्या बापांनी बैल विकून पैसे दिलेत, ते आधी."

म्हणजे खातं तिथं रिकामं झालं. मुलींना परत द्यायला पैसे होते. मला सांगायला एक फोन नव्हता. मी तसं बोलून दाखवलं.

रत्नम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही मुखेडच्या का? टाक्यावाल्या?"

"हो."

"मी तवाच म्हणलं होतं बाईंना. इथं गल्लीच्या तोंडालाच दुकान हाय. त्यो उधार देतो म्हणत होता, वर टाक्या आणून टाकायचं भाडं घेणार न्हाई म्हणत होता. पण बाईंचं एकच. न्हाई, मुखेडहून आणायच्या. दोन दिवस केसाला तेल लावून बसल्या होत्या जायच्या आधी."

परत येताना मी भाड्याचा हिशेब केला. लातूर ते मुखेड रिकामा टेम्पो, मुखेड ते लातूर भरलेला. शुद्ध तोटा. सिंधूला व्यवहार कधी कळलाच नाही.

२५ एप्रिल

चेक पुन्हा टाकला. बँकेतला कारकून म्हणाला, "बाई, खात्यात काही नसणार, का टाकता?" मी म्हणाले, "परत यावा म्हणूनच टाकते." त्यानं चष्म्यावरून बघितलं.

खरं तर आज सकाळी मी साहेबरावला म्हणाले होते, जाऊ दे, सोडून देऊ. तो भांडला नाही. शांतपणे म्हणाला, "सोड. तुझी मैतरीण हाय. पण मग मला सांग, होलसेलवाल्याला मी काय पाठवू? तुझं भाषण?" मग बाहेर जाऊन त्यानं दुकानातल्या राहिलेल्या तीन टाक्या पुसल्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या.

तेव्हा मी पर्स उचलली.

२ मे

चेक अठ्ठावीसला परत आला. आज वीरभद्रनं नोटीस लिहिली. चेकचा नंबर, परत आल्याची तारीख, रक्कम, पंधरा दिवस. मी सही करायच्या आधी पेन हातात धरून बसले.

"काय राहिलं का बाई?"

"शेवटी एक ओळ घालता येईल का?"

"कसली?"

मी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. तो म्हणाला, "न्हाई घालायची, बाई. विषय सुटतो."

१३ मे

पोचपावतीप्रमाणे पाच तारखेला नोटीस मिळाली. तीच सही, तोच मोठा अनुस्वार. वीसला मुदत संपते. वीरभद्रनं तक्रारीचा कागद तयार करून ठेवला आहे. आरोपी म्हणून तिचं पूर्ण नाव टाइप केलेलं आहे. सासरचं आडनाव लावून. मी ते नाव तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी कुणी परकी बाई वाटली. एवढं एक बरं झालं.

समितीनं उद्याच्या सभेला बोलावलं होतं. घसा बसला म्हणून कळवलं. घसा ठीक आहे.

२० मे

ती आली.

दुपारी लातूरची गाडी लागली तेव्हा मी फाटकाकडे बघत नव्हते. मुद्दामच पाठ करून पाइप मोजत होते. साहेबरावचा आवाज ऐकू आला, "या ताई. बसा. पाणी घ्या." मी वळले तर सिंधू माझ्या गल्ल्यासमोरच्या खुर्चीवर बसलेली. हातात दोन्ही नोटिशी, एकीची घडी विरत आलेली.

ती म्हणाली, "ह्या दुसऱ्या कागदात पैसे मागितलेस. ते माझ्याकडं न्हाईत. पहिल्यात जे मागितलं होतंस, ते घेऊन आले."

मी काय बोलायचं ते तीन महिने पाठ केलं होतं. ते सगळं बाहेर आलं. फोन का बंद केलास, मुलींना पैसे दिलेस आणि मला एक शब्द नाही, माझा भाऊ तीन टाक्या पुसत बसतो, त्याचं आयुष्य आहे या दुकानात. शब्द म्हणजे काय खेळणं आहे, विश्वास ही काय चैनीची गोष्ट आहे, ज्या समाजात माणूस माणसाला... आवाज चढला. रस्त्यावर दोघं-तिघं थांबले. साहेबरावनं शटर अर्धं खाली ओढलं.

सिंधू माझ्या डोळ्यांत बघत होती. बघता बघता तिचा उजवा हात वर गेला आणि तिनं कानाची पाळी धरली.

मी थांबले. वाक्याच्या मध्येच. पुढचा शब्द काय होता ते आता आठवतही नाही.

हात खाली घेऊन ती म्हणाली, "फोन बंद न्हाई केला. बिल न्हाई भरलं. मग पहिला कागद आला. ये म्हणालीस. रिकाम्या हातानं कशी येऊ? आधीच एक देणं होतं तुझं."

"कुठलं?"

"माझ्या मांडवात तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. मी मुंडावळ्यांच्या आडून बघितलं, शीले. आणि मान खाली घातली. मग पत्र लिहायला घेतलं की हात थांबायचा."

"मी ते कधी कुठं बोलले नाही."

"ठाऊक हाय. तुझी भाषणं छापून येतात ती वाचते मी. सगळ्यांची नावं असतात, माझंच नसतं. बोलली असतीस तर भांडायला तरी आले असते तुझ्याकडं."

साहेबरावनं खाकरून आम्हाला पुन्हा व्यवहारावर आणलं. तो कंडक्टर आहे, गाडी कुठं किती वेळ थांबवायची ते त्याला कळतं. "ताई, जेवण मग करू. आधी सांगा, कसं करायचं?"

तिनं विचार करून ठेवला होता. न वापरलेल्या चार टाक्या परत, टेम्पोचं भाडं तिचं. उरलेल्या रकमेचे दहा चेक, दर महिन्याला एक. जूनमध्ये नव्या मुली येतील. टाक्यांचं ऐकून होलसेलवाल्यानं थोडा माल द्यायचं फोनवर कबूल केलं. वीरभद्र येऊन तडजोडीचा कागद लिहून गेला. जुना चेक ही रक्कम फिटेपर्यंत आमच्याकडेच राहील, असं त्यानं त्यात घातलं. आणि मला म्हणाला, "तक्रारीला महिनाभर हाय बाई. पहिले पैसे येईपर्यंत कागद मी फाडत न्हाई."

सिंधूनं दहाही चेकांवर माझं नाव लिहिलं. साहेबराव एकेक उजेडाला धरून बघत होता.

"ताई, ह्ये तरी वटतील ना?"

"न वटले तर नोटीस पाठवा दादा," सिंधू म्हणाली. "पण वकिलाची नको. आक्कानं लिहिलेली."

२२ मे

काल बुद्धपौर्णिमा. सिंधू राहिली. खीर केली, दूध कमी होतं, पाणी त्याहून कमी. होस्टेलातही मी घरून डब्यात खीर आणायची आणि ती डबा बोटानं पुसायची. काल वाटी पुसली. साहेबराव म्हणाला, "पुसा, पुसा. धुवायचं पाणी वाचलं."

आज सकाळच्या गाडीनं गेली. चढताना म्हणाली, "जिल्हा झाला का गं तुमचा?" मी म्हणाले, "होईल." ती म्हणाली, "झाला की लांब पडशील का जवळ?" तेवढ्यात गाडी हलली.

साहेबराव आता टाक्यांसाठी जागा करतो आहे. फार दिवसांनी शीळ घालतो आहे.

दहा चेक कपाटात ठेवले आहेत. पहिल्याची तारीख पंधरा जून. प्रत्येक चेक वटला तर तिला इथं यायचं काही कारण नाही, पैसे आपोआप खात्यात येतील, कायदा समाधानी, साहेबराव समाधानी. मी नवस करत नाही, माझा त्यावर विश्वास नाही. पण त्या दहांतला एखादा, सगळ्यात शेवटचा असला तरी चालेल, परत यावा असं मला वाटतं आहे. हे साहेबरावला सांगता येणार नाही.